गुडघे बघणारे व्याही

नेरुळपासून थेट उरणपर्यंत ज्याला ज्याला म्हणून दोन गुडघे आहेत, त्या प्रत्येकाकडे आमच्या व्याह्यांचं एकदा तरी लक्ष गेलेलं आहे, हे मी कुठेही उभा राहून सांगायला तयार आहे. माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. व्याही गुडघ्यांकडे बघतात. तोंड नंतर, वेळ उरला तर. त्यामुळे नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, पण कोण कुठल्या पायावर भार देतं, कोण खुर्चीतून उठताना मांडीवर हात मारतं, कोण जिना आडवं होऊन उतरतं, हे सगळं पाठ. एकदा मी त्यांच्याबरोबर मच्छी घ्यायला गेलो होतो. मासे कापत बसलेली बाई पाटावरून उठली आणि तिनं कमरेला हात लावला. झालं. व्याही बोंबील विसरले. म्हणाले, "बाय, तू उठताना पुढं वाकत नाय. पुढं वाक, मंग उठ." त्या बाईच्या हातात कोयता होता. ती म्हणाली, "बोंबील घ्याचं तर घे, नायतर वाटंला लाग." व्याह्यांनी बोंबील घेतले नाहीत, वाटेलाही लागले नाहीत. तिथंच रस्त्यात उकिडवे बसून आणि उठून दाखवलं. मागं रिक्षावाले हॉर्न मारत होते. पुढच्या खेपेला मी एकटाच गेलो, तर ती बाई गिऱ्हाईक नसताना पाटावरून उठत होती आणि बसत होती, आणि शेजारणीला सांगत होती, "तो येडा सांगून गेला, पन बरा वाटतंय."

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. नेरुळजवळच्या शिरवण्याचे, गावातले जुने. त्यांची भातशेती होती. नवं शहर झालं तेव्हा ती गेली आणि तिच्यावर आता आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्या बिल्डिंगी उभ्या आहेत. मी साताऱ्याकडचा, इकडे कंपनीत मशीन चालवायला आलो आणि इथलाच झालो. याबद्दल व्याह्यांनी मला कधी टोमणा मारला नाही. एकदाच माझ्या गॅलरीत उभे राहून खाली बघत म्हणाले, "हितं आमची खाचरं व्हती. काय चिखल व्हायचा! चिखलात चालला का मांड्या बनतात. आता पार्किंग झाली." म्हणजे जमीन गेल्याचं वाईट वाटत नव्हतं, चिखल गेल्याचं वाटत होतं.

त्यांच्या घराच्या तळमजल्यावर एक खोली आहे. पूर्वी तिच्यात भात साठवायचे, आता तिच्यात व्यायामशाळा आहे. बाहेर पाटी नाही. आत एक लोखंडी पाइप, त्याच्या दोन्ही टोकांना तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून केलेली वजनं. डबे नंतर फाडून काढले, तरी त्यांच्या कडा सिमेंटवर उमटलेल्या आहेत. कुणाला वजन कमी पडलं तर जात्याचा वरचा दगड आहे. छताच्या हुकाला होडीचा जुना दोर बांधलेला, लोंबकळायला. भिंतीवर मारुतीचा फोटो. आरसा मात्र नाही. आरसा का नाही, असं एका नव्या पोरानं विचारलं, तर म्हणाले, "आरसा लावला का तू तुला बगत बसशील. मी तुला बगतंय ना? बास." दंड फुगवायला आलेल्या पोरांना ते पहिल्यांदा काहीच उचलू देत नाहीत. जमिनीवर बस, हात न टेकता उठ, एवढंच. पोरं वैतागतात. काही पळून जातात आणि स्टेशनजवळच्या काचेच्या जिममध्ये नाव घालतात. जी राहतात ती मात्र लग्नात नवरदेवाला खांद्यावर घेऊन हळदीची अख्खी रात्र नाचू शकतात, असं गावात बोलतात.

या माणसाशी माझं नातं जुळलं तो दिवस मला नीट आठवतो. माझ्या मुलानं त्यांची मुलगी पसंत केली होती, म्हणजे दोघांनी एकमेकांना केली होती, आणि आम्ही बोलणी करायला शिरवण्याला गेलो. आमच्या जातीचं काय, त्यांच्या जातीचं काय, असं बोलणं निघेल म्हणून मी घरून तयारी करून गेलो होतो. आमची ही तर वाटेत रिक्षात मला बजावत होती, "तुम्ही तोंड उघडू नका, तुमचं तोंड म्हणजे फटाका." तिथं गेल्यावर व्याह्यांनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. मुलाला उभं केलं, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "दंड काडतोस?" मुलगा कॉम्प्युटरवरचा. इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. शेवटी तो खाली वाकला आणि त्यानं चार पाहुण्यांच्या देखत दंड काढले. थोडे निघाले, मग तो पोटावर आपटला. मुलीनं पदरात तोंड घातलं. व्याही म्हणाले, "कच्चा हाय. पन खोटा नाय, पडला तवा पडला. चालंल." लग्न ठरलं. घरी येताना ही रिक्षात इतकी हसली, इतकी हसली की रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं. म्हणाली, "मुलगी मिळाली ती मिळाली, वर तालीमही मिळाली." लग्नात सगळ्या बाया रडत होत्या, मुलगी बापाच्या गळ्यात पडली, तर हा बाप तिच्या कानात काय बोलला? "पाट सरल ठेव, बाय." मी शेजारी उभा होतो. मी ऐकलं.

तोवर मी व्याह्यांकडे लांबून बघत होतो. गंमत म्हणून. ते माझ्या अंगावर आले ते ही गेल्यानंतर. ही गेली गेल्या वर्षी. दुखणं थोडंच होतं, फार लांबलं नाही. तेराव्यापर्यंत लोक येऊन बसत, उसासे टाकत, "देवाची मर्जी" वगैरे म्हणत. मला ते ऐकून ऐकून कंटाळा आला होता. व्याही आले, बसले नाहीत, माझ्या गुडघ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "बसून बसून गंजाल." एवढंच. चपला घालून गेले. लोकांना ते फार लागलं. मला नाही लागलं. पण मी गंजलो मात्र. खुर्चीत बसायचो, टीव्ही लावायचो, टीव्हीवर काय आहे ते बघायचो नाही. डाळभाताचा कुकर लावायला तेवढा शिकलो होतो.

मग पोह्यांचं झालं. पोह्यांचा डबा खालच्या फडताळात असतो. हिच्या हाताला तो बरोबर पडायचा, माझ्या हाताला पडत नाही. गुडघा वाकेना, म्हणून एक दिवस मी सरळ खाली फतकल मारून बसलो आणि डबा काढला. काढला आणि मग उठता येईना. फडताळाची मूठ धरली, ती उपटून हातात आली. फ्रिजला धरलं, फ्रिज सरकायला लागला. मोबाइल बाहेर हॉलमध्ये. मी विचार केला, थोडं थांबू. थांबलो. सकाळची दुपार झाली. शेजारणीनं बेल वाजवली, मी आतून ओरडलो, "मी बरा आहे, पोहे काढतोय." तिला त्यातलं "बरा" ऐकू आलं नसावं. तिनं मुलाला फोन केला. मुलगा खारघरहून चावीवाल्याला घेऊन आला, कुलूप फोडलं, सगळी बिल्डिंग दारात. आत मी फरशीवर, मांडीत डबा, आणि अर्धा डबा कच्चे पोहे खाऊन संपवलेले. मला वाटलं मुलगा हसेल. तो हसला नाही. त्यानं मला काखेत हात घालून उचललं, खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "अण्णा, आता इथं एकटं राहायचं नाही. आज पोहे होते. उद्या बाथरूममध्ये पडलात तर?"

आता हे नीट समजून घ्या. मुलगा वाईट नाही, सून त्याहून चांगली. खारघरला त्यांचं घर उंच टॉवरमध्ये, लिफ्ट आहे, माझ्यासाठी खोली तयार आहे, तिच्यात गादी घातलेली आहे. पण ते घर त्यांचं आहे. तिथं मी पाहुणा, आणि इतक्या वरून खाली माणसं मुंग्यांएवढी दिसतात. हे घर माझं आणि हिचं. या बिल्डिंगीला लिफ्ट नाही, नळाला पाणी वेळेवर येत नाही, पण अंधारात कुठं काय आहे ते मला हातानं सापडतं. ते घर बंद करायचं, भाड्यानं द्यायचं, हिच्या भांड्यांत दुसऱ्या कुणी आमटी करायची, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. मी नाही म्हणालो. मुलगा हो म्हणाला. आवाज वाढले. तेव्हा सूनबाई मधे पडली. म्हणाली, "अण्णा, दिवाळीपर्यंत जमिनीवरून कुणाचा हात न धरता, कशाला न धरता उठून दाखवा. उठलात तर राहा इथं, आम्ही परत विषय काढणार नाही. नाही उठलात तर मुकाट्यानं आमच्याकडे. ठरवायचं दादांनी." दादा म्हणजे तिचे वडील. मुलगा खूश झाला. त्याला वाटलं सासरे मुलीच्या बाजूचे. मला वाटलं माझ्या वयाचा माणूस आहे, माझी बाजू घेईल. व्याह्यांना फोन केला तर म्हणाले, "मी कुनाच्या बाजूचा नाय. मी गुडग्याच्या बाजूचा." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर.

हातात पिशवी. पिशवीत कोल्ड्रिंकच्या दोन मोठ्या बाटल्या, पाण्यानं भरलेल्या. माझी वजनं ती. पण त्यांचं पाणीही तेच. कारण व्याही मुलीच्या सासरी पाणी पीत नाहीत. आपल्याकडे जुन्या लोकांत अशी रीत असते, मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं काही घ्यायचं नाही. पण नात झाली, तिचं बारसं झालं, ती शाळेतही जायला लागली, तरी हे अजून तहानलेले. सूनबाई म्हणते, "दादा, रीत संपली आता." तर म्हणतात, "रीत संपली आसंल. माजी सवय नाय संपली." मी म्हणालो, "अहो व्याही, तुमची मुलगी इथं राहतसुद्धा नाही." म्हणाले, "नावाला तरी सासरच ना तिचा?" मग व्हायचं काय, मला शिकवता शिकवता ओरडून ओरडून त्यांचा घसा सुकायचा, की ते माझ्या हातातली बाटली काढून घेणार, घटाघटा पिणार आणि परत माझ्या हातात देणार. नेहमी डाव्याच हातातली, कारण त्या बाजूला ते उभे राहायचे. उजवी बाटली भरलेली, डावी निम्मी. असं रोज. माझा उजवा दंड हळदीत नवरदेवाला उचलेल असा झाला आणि डावा होता तसाच राहिला. हे मी त्यांच्या नजरेस आणून दिलं तेव्हा त्यांनी दोन्ही दंड दाबून बघितले, विचार केला आणि म्हणाले, "उद्यापासनं मी हिकडनं उबा ऱ्हातंय."

व्यायाम म्हणाल तर साधेच. खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, हात छातीवर दुमडून. भिंतीला हात लावून दंड काढायचे. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, दूध उतू जाईपर्यंत. पाठ भिंतीला लावून, खाली खुर्ची आहे असं समजून अधांतरी बसायचं. पण व्याह्यांचा एक नियम असा की मोजायचं नाही. मी कंपनीत काम केलेलं, मला मोजायची सवय. एक, दोन असं सुरू केलं की ओरडायचे. "मोजाचा नाय! मोजला का मानूस किती झाला ते नाय बगत, किती उरला ते बगतंय." मग थांबायचं कधी? तर कुकरची शिट्टी झाली की. सकाळी येताच ते मला कुकर लावायला लावत आणि सगळा व्यायाम शिट्ट्यांवर चाले. पहिल्या शिट्टीला खुर्ची, दुसरीला भिंत, तिसरीला आराम. जेवणही होतं, व्यायामही होतो. शेजारणीनं एकदा विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे रोज एवढं काय शिजतं?" मी म्हणालो, "मी शिजतो."

तर एक दिवस भिंतीला पाठ लावून मी अधांतरी बसलो. व्याही समोर, कमरेवर हात. शिट्टी होईना.

"व्याही, शिट्टी?"

"यील."

थोडा वेळ गेला. मांड्या कापायला लागल्या.

"व्याही, वाफ येतेय की. आवाज येतोय."

"वाफ म्हंजे शिटी नाय. गप बसा."

मी गप बसलो. बसलो म्हणजे काय, खाली काहीच नव्हतं. घाम डोळ्यांत गेला. मी त्यांना शिव्या दिल्या, व्याही असून दिल्या. ते म्हणाले, "शिव्या द्या, दम वाडतो." शेवटी मी घसरून शेजारच्या स्टुलावर आदळलो, तेव्हा जळका वास आला. आम्ही आत पळालो, म्हणजे ते पळाले, मी भिंत धरून आलो. कुकरची शिट्टी ओट्यावर मिसळणाच्या डब्याशेजारी पडलेली. झाकणावर बसवायलाच मी विसरलो होतो. आतलं पाणी सगळं उडून गेलेलं आणि डाळ बुडाला चिकटून कोळसा. व्याह्यांनी ती शिट्टी उचलली, मला दाखवली, परत ओट्यावर ठेवली. "विहीनबाई असत्या तर दोघांना बी घराबाहेर काडला असता," म्हणाले. मग कुकर घेऊन स्वतःच घासायला बसले. मुलीच्या सासरचं पाणी पीत नाहीत, पण त्या पाण्यानं कुकर घासायला चालतो.

दुसरा हट्ट जिन्याचा. आमच्या बिल्डिंगीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर एक पाय ठेवायचा, वर चढायचं, खाली उतरायचं, परत चढायचं. पुढं जायचंच नाही. येणारे-जाणारे थांबत. सोसायटीचे सेक्रेटरी ऑफिसला निघाले होते, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "काका, चढताय की उतरताय? हात देऊ का?" मी म्हणालो, "दोन्ही करतोय, तुम्ही जा." ते गेले, पण संध्याकाळी मुलाला त्यांचा फोन गेला की तुमच्या वडिलांना पायरी आठवत नाही. मुलानं व्याह्यांना विचारलं. व्याही म्हणाले, "त्या शेक्रेटरीला पाटव माज्याकडं. त्याचे गुडगे बगितलेस का?"

व्याही हिच्याबद्दल कधी बोलत नसत. मीही काढत नसे. एकदाच निघालं. मी खुर्चीतून उठत-बसत होतो, कुकर नुकताच लावलेला. ते आपले सहज बोलल्यासारखे बोलले, "विहीनबाई आमच्या खोलीत आल्या व्हत्या, ठाव हाय का तुमाला?" मी म्हणालो, नाही. "मासली घ्याला आल्या, मंग घरी आल्या. बायको घरात नव्हती. खोलीत पोरं व्हती. ह्या दारात उब्या ऱ्हायल्या नि बोलल्या, मी उचलू का तो डांडा? मी बोल्लू, वयनी, राव द्या. ऐकतात कुटं! पदर खोचला, वाकल्या, नि उचल्ला. पार हितपरत." त्यांनी स्वतःच्या छातीला हात लावून दाखवलं. "पोरांनी टाल्या मारल्या. मंग मला बोलल्या, ह्यांना सांगू नका." मी विचारलं, का? व्याही म्हणाले, "मी नाय इचारला." बसलो होतो तो उठलो, उठलो तो बसलो. शिट्टी झाली तरी मी करतच राहिलो, आणि त्या दिवशी व्याह्यांनी थांब म्हटलं नाही.

जमिनीवरून उठणं त्यांनी उलटं शिकवलं. म्हणजे आधी खाली जायला शिकवलं. पलंगाला धरून एक गुडघा टेकायचा. मग दुसरा. मग हात. मग कुशीवर. "पडाला शिकलाव का उठाला भीती नाय," म्हणायचे. आणि उठताना तेच उलट्या बाजूनं. कुशीवर वळायचं, कोपर टेकायचं, गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढं घ्यायचं आणि पुढं वाकून वर. वाचताना सोपं वाटतं. माझा जीव निघायचा. कधी कोपरापर्यंत यायचो आणि तिथंच चार पायांच्या जनावरासारखा अडकायचो. पलंग होता तोवर जमलं. नवरात्रात त्यांनी पलंग सोडायला लावला आणि परत काही जमेना. मी वैतागून म्हणालो, "जाऊ द्या व्याही, जातो मी खारघरला. लिफ्ट आहे, गादी आहे." ते पिशवी उचलून दाराशी गेले. तिथून म्हणाले, "जा. मला काय? माजी पोरगी तुमाला सांभाललंच. पन मी तुमाला पास केला नाय तर तो नापासच. खोटा नाय बोलनार." दुसऱ्या दिवशी परत आले. मीही कुकर लावून ठेवला होता.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मुलगा आणि सून आले. मुलानं सोफा भिंतीला लावला, टीपॉय गॅलरीत नेला. हॉलची फरशी मोकळी झाली, चारी बाजूंना धरायला काही नाही. व्याही मधे उभे, एखाद्या कुस्तीच्या पंचासारखे. म्हणाले, "व्याही, आडवं व्हा. पुरतं. पाट टेकाची." त्यांनी शिकवल्याप्रमाणे मी खाली गेलो आणि पाठ टेकली.

आता उठायचं होतं. मी उठलो नाही.

झालं असं की फरशी गार होती. मी रोज पलंगाशेजारी आतल्या खोलीत करत होतो, हॉलमध्ये कधी आडवा झालो नव्हतो. या घरात आल्यापासून कधीच नाही. हॉलमध्ये ही झोपायची. मे महिन्यात दुपारी कामं आटोपली की इथंच, याच जागेवर, उघड्या फरशीवर, हाताची उशी करून. मी खुर्चीतून म्हणायचो, "अगं चटई तरी घे." ती म्हणायची, "चटईनं गारवा जातो." मला ते कळायचं नाही. मला वाटायचं बाईमाणसाचा हट्ट. आता पाठीखालून तो गारवा वर आला. वर पंखा, पंख्याच्या पातीवर धुळीची रेघ, छताच्या कोपऱ्यात ओल येऊन गेलेला डाग, होडीसारखा. हे सगळं तिनं रोज बघितलेलं. मी खुर्चीत बसून कधी वर बघितलंच नव्हतं.

किती वेळ गेला माहीत नाही. मुलाच्या पायांचा आवाज आला. तो माझ्याकडे निघाला होता. "अण्णा? झालं का? दुखतंय का काही? दादा, जाऊ द्या, मी उचलतो त्यांना."

व्याह्यांनी त्याचा दंड धरला. मला खालून दिसलं. "थांब."

"अहो पण त्यांना उठता येत नाहीये."

"येतंय. पडू दे त्यांना जरा."

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मुलगा थांबला. व्याही माझ्या गुडघ्यांकडे बघत नव्हते. पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

मी कुशीवर वळलो. कोपर टेकलं. गुडघ्यांवर आलो, पाऊल पुढं घेतलं, वाकलो आणि उठलो. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. व्याही म्हणाले, "ऱ्हातील हितंच," आणि मुलानं मान हलवली. शब्दाचा पक्का आहे तो, त्या दिवसानंतर खारघरचा विषय त्यानं काढलेला नाही. सूनबाईनं चहा केला. व्याह्यांनी घेतला नाही. बाटल्या पिशवीत घातल्या, मला म्हणाले, "टाचा सोडू नका," आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुकर लावून दार उघडं ठेवून बसलो. कुणी आलं नाही. शिट्ट्या होऊन गेल्या. दुपारी सूनबाईचा फोन आला तेव्हा समजलं की व्याही उरणला गेलेत, मोरा बंदराच्या धक्क्यावर. त्यांच्या नात्यातली कुणी म्हातारी तिथं असते, तिला मुंबईला लेकीकडं जायचं असतं, पण धक्क्यावरून लाँचमध्ये पाय टाकायची भीती वाटते म्हणून कित्येक दिवस अडकून पडलेली. तिला पाय टाकायला शिकवायला गेलेत, रोज जाणार आहेत. सूनबाई हसत होती. मीही हसलो. बरोबरच आहे. माझे गुडघे झाले, आता तिचे.

तर असं आहे. मी जिंकलो. जिंकलो म्हणजे काय, एकटं राहायला मिळालं. घरात मी आणि भांडी. मुलगा रविवारी येतो, रोज फोन करतो. टाचा मी सोडलेल्या नाहीत. सकाळी खुर्ची होते, भिंत होते, जिना होतो, सेक्रेटरी आता नुसता हात करून जातात. हे सगळं आटोपलं की हॉलमध्ये फरशीवर आडवा होतो. चटई घेत नाही. पंख्याकडे बघत पडून राहतो. समोर उभं राहून उठा म्हणणारं कुणी नसतं, पडू दे म्हणणारंही नसतं. मग कधीतरी मीच कुशीवर वळतो.